डॉ. ड्रू यांची पत्रे आणि आपली अर्धवट कहाणी

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आम्ही एक फलक लावला होता. 'रक्तपेढीचे जनक डॉ. चार्ल्स ड्रू काळे होते, म्हणून गोऱ्यांच्या दवाखान्याने त्यांना रक्त नाकारले आणि ते मेले.' शिबिरातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "दादा, हे कुठे लिहिलंय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. शोधल्यावर कळले की ही कहाणी खोटी आहे. १ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात ड्रू गेले. गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला होता, पण जखमाच जीवघेण्या होत्या.

मग अन्याय झालाच नव्हता का? झाला होता. तो कुठे झाला, हे त्यांच्या युद्धकाळातल्या पत्रव्यवहारात दिसते.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले, तिथेच १९४० मध्ये ड्रू यांनी साठवलेल्या रक्तावरचा प्रबंध पूर्ण केला. त्याच वर्षी त्यांचे जुने शिक्षक जॉन बीटी यांची लंडनहून तार आली. वाळवलेल्या प्लाझ्माच्या ५,००० कुप्या ताबडतोब हव्यात आणि तीन-चार आठवड्यांत तेवढ्याच पुन्हा हव्यात, अशी मागणी होती. एवढा प्लाझ्मा तेव्हा जगात कुठेच तयार नव्हता. 'ब्लड फॉर ब्रिटन' मोहिमेची वैद्यकीय सूत्रे ड्रू यांच्याकडे आली. जानेवारी १९४१ पर्यंत १४,५०० हून अधिक लोकांनी रक्त दिले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा ब्रिटनला गेला. या धावपळीत ते न्यूयॉर्कमध्ये आणि पत्नी लेनोर वॉशिंग्टनमध्ये. संसार बराचसा पत्रांवर चालला. थोरल्या मुलीचे लाडके नावही 'ब्लड बँक'च्या आद्याक्षरांवरून 'बीबी' पडले.

एप्रिल १९४१ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला परतले. निषेध म्हणून राजीनामा दिला, असे आपण सांगतो, तेही चूक आहे. भेदाचा हुकूम त्यानंतर आला. १९४१ च्या अखेरीस रेडक्रॉसने सैन्याच्या धोरणानुसार काळ्यांचे रक्त घेणेच नाकारले. जानेवारी १९४२ मध्ये ते घ्यायचे ठरले, पण वेगळे साठवून. ज्या माणसाने ही व्यवस्था उभी करायला मदत केली, त्याचे रक्तही त्यात वेगळ्या बाटलीत गेले असते.

१९४४ मध्ये जेकब बिलिकॉफ यांना लिहिलेल्या पत्रात ड्रू या हुकुमाला घोडचूक म्हणतात आणि तीन कारणे देतात. पहिले, सरकारने आपल्याच नागरिकांचा जाणूनबुजून अपमान करू नये. दुसरे, हुकुमाला शास्त्रीय आधार नाही. तिसरे, सैन्याला रक्ताची गरज आहे.

हा क्रम लक्षात घ्या. रक्तशास्त्रातला एवढा जाणकार माणूस, पण त्याने पहिले स्थान मानवी प्रतिष्ठेला दिले, शास्त्र त्यानंतर. महाडला बाबासाहेबांनी हेच सांगितले होते: चवदार तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला आपण तिथे जातो. आपण मात्र आजही 'सगळ्यांचे रक्त लालच' एवढ्यावर थांबतो. रक्त लाल आहे हे जातवाद्यालाही ठाऊक असते. अज्ञानाबरोबर त्याला अपमान करण्याचा अधिकारही हवा असतो, आणि त्या अधिकारालाच आव्हान द्यावे लागते.

युद्ध संपले तरी ड्रू यांची लेखणी थांबली नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सदस्यत्व स्थानिक संघटनेतून मिळे आणि ती काळ्या डॉक्टरांना दारात उभे करत नसे. १९४७ मध्ये, असोसिएशनच्या शताब्दी वर्षात, तिच्या मुखपत्राचे संपादक मॉरिस फिशबेन यांना पत्र लिहून ड्रू यांनी त्या शंभर वर्षांच्या वर्णद्वेषाचा जाब विचारला. हयातीत ते सदस्य होऊ शकले नाहीत. रेडक्रॉसने रक्तातला भेद बंद केला तोही १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी.

खोट्या कहाणीतला खलनायक एक दवाखाना असतो. पत्रांतला आरोपी सैन्य आहे, रेडक्रॉस आहे, डॉक्टरांची संघटना आहे. म्हणजेच व्यवस्था आहे. खोट्या कहाणीने आपण आपल्याच खऱ्या आरोपपत्रातले पान फाडतो. शिवाय एक खोटे पकडले गेले की विरोधक आपली शंभर खरी विधानेही झटकून टाकतो.

यंदाच्या शिबिरात फलक बदलला आहे. त्यावर ड्रू यांची तीन कारणे आहेत, त्यांच्याच क्रमाने.

जयभीम!