ओहम मास्तर आणि एलईडीचा दिवा

वाचकहो, पाटोद्याच्या शाळेतला मुलगा काय आणि मुंबईचा काय, विज्ञान प्रदर्शनासाठी एलईडीचा दिवा आणतो, बॅटरीला थेट जोडतो. क्षणभर लख्ख उजेड पडतो आणि दिवा कायमचा विझतो. मग दुकानदाराला बोल लागतो. माल बहुधा चांगलाच असतो, मध्ये रोधक नसतो इतकेच!

हा रोधक किती ओहमचा घ्यावा, याचे गणित घालून देणारा गृहस्थ एक शाळामास्तर होता. जॉर्ज ओहम १७८९ साली जर्मनीत एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपे करणारा. कोलोनच्या शाळेत शिकवीत असताना, १८२५-२६ साली, ओहमने तारांवर प्रयोग केले. पण त्या काळच्या बॅटरीचा दाब टिकेना, आकडे सारखे हलत. तेव्हा त्याने बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्हींचे तापमान ठरलेले, म्हणून दाबही ठरलेला. किती साधी युक्ती, नाही का? दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, हा नियम त्याने १८२७ च्या ग्रंथात मांडला. मायदेशी फारशी दाद मिळाली नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले. म्यूनिकला प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो वारला.

दिसणारा तांबडा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. गंमत अशी की, हा दिवा ओहमचा नियम पाळत नाही! मांजरा नदी आपल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिच्यावरचा एखादा बंधारा डोळ्यांपुढे आणा. पाणी सांडव्याच्या काठाला लागेपर्यंत पलीकडे थेंब जात नाही, आणि काठावर वीतभर चढलं की लोंढा सुटतो. एलईडीचा काठ तांबड्या रंगाला सुमारे २ व्होल्टचा, पांढऱ्याला ३ च्या आसपास. त्यावर दाब जरासा वाढला, तरी प्रवाह बेसुमार. नियम पाळतो तो रोधक. म्हणून हिशेब त्याच्यावर मांडायचा.

मोटारसायकलची बॅटरी घ्या. १२ व्होल्टमधून तांबड्या दिव्याचे २ वजा केले, उरले १०. प्रवाह १५ मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०१५ ॲम्पिअर हवा. १० ला ०.०१५ ने भागा. ६६७ ओहम येतात. बाजारात जवळचा मिळतो ६८० चा. पट्टे निळा, करडा, तपकिरी.

पण थांबा. इंजिन चालू असताना बॅटरीवरचा दाब १४.४ पर्यंत चढतो, बरं का! तेव्हा रोधकावर १२.४ व्होल्ट येतात आणि प्रवाह १८ मिलिॲम्पिअर होतो. साध्या दिव्याची मर्यादा बहुधा २० ची, म्हणजे निभावले. रोधकात मात्र ०.२३ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रोधक मर्यादेच्या अगदी जवळ चालून बराच तापेल, यासाठी अर्ध्या वॅटचा मागून घ्यावा.