धनुर्धरांच्या पंक्तींत आडधनुष्य

तिरंदाजीच्या मंडळांतून एक वाद अधूनमधून डोकें वर काढतो आणि कोणताहि निकाल न लागतां पुन्हां झोंपीं जातो. क्रॉसबो घेऊन येणाऱ्या मनुष्यास धनुर्धरांच्या मेळाव्यांत घ्यावें कीं न घ्यावें, हा तो वाद होय. क्रॉसबो म्हणजे लांकडी दांड्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. त्याची दोरी एकदां ओढून खिटीला अडकविली कीं मनुष्याचे बाहू मोकळे झाले. मग सावकाश नेम धरावा, चाप दाबावा आणि आंखूड, जाड बाण सुटावा. सोयीसाठीं या लेखांत आम्ही त्यास आडधनुष्य म्हणूं. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें दहा वर्षें दंड झिजवून उभें धनुष्य साध्य केलें, त्याच्या शेजारीं थोड्या दिवसांच्या सरावाचा मनुष्य येऊन उभा राहिला आणि दोघांचे गुण एकाच फळ्यावर मांडले गेले, तर त्या पहिल्यास काय वाटेल? उलट, उतारवयांत ज्याचा खांदा निकामी झाला आणि धनुष्य ओढणें सुटलें, त्यानें नेमाची हौस भागविण्यासाठीं आडधनुष्य हातीं घेतलें, तर त्याला त्याच्याच जुन्या सोबत्यांनीं दाराबाहेर उभें करावें काय?

विरोधकांचें म्हणणें दुहेरी आहे. आडधनुष्य हें यंत्र आहे, धनुष्य नव्हे, हें एक. आणि इतिहासानेंहि त्यास नेहमीं पंक्तीबाहेरच बसविलें, हें दुसरें. पहिलें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. दुसरें मात्र कागदपत्रांपुढें टिकत नाहीं.

या दुसऱ्या पक्षाचा आवडता दाखला म्हणजे ११३९ सालीं रोम येथें भरलेली लॅटरनची दुसरी धर्मपरिषद. या परिषदेनें आडधनुष्यास शाप दिला, असें एकजण लिहितो आणि दहाजण उतरून घेतात. परिषदेचा एकोणतिसावा नियम प्रत्यक्ष पाहिला तर त्यांत आडधनुष्यवाले आणि साधे धनुर्धर या दोघांचीहि कला एकाच वाक्यांत निषिद्ध ठरविली आहे, आणि तीहि ख्रिस्ती माणसांवर चालविण्यापुरतीच. म्हणजे शापाच्या पंक्तीला तरी दोघांचे पाट शेजारीं शेजारींच मांडले होते! बायझंटाईन राजकन्या ॲना कॉम्नीनी हिनें आपल्या पित्याच्या चरित्रांत आडधनुष्यास ग्रीकांना अपरिचित असें रानटी व सैतानी शस्त्र म्हटलें आहे हें खरें. परंतु तें शस्त्र तिनें पाहिलें तें पश्चिमेकडून आलेल्या क्रुसेडवाल्यांच्या हातीं, आणि त्या पाहुण्यांविषयीं तिचें मत एकंदरींतच फारसें बरें नव्हतें. युद्धांत तर या शापाचा कांहींच उपयोग झाला नाहीं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड आपल्या सैन्यांत आडधनुष्यवाल्यांस मोठ्या विश्वासानें वागवी. तोच फ्रान्समधील शाल्यूच्या लहानशा गढीपुढें आडधनुष्याच्या बाणानें जखमी होऊन ६ एप्रिल ११९९ रोजीं मरण पावला. पुढें १२१५ च्या मॅग्ना कार्टांत परदेशी आडधनुष्यवाल्यांस देशाबाहेर घालविण्याचें कलम आलें. पण त्यांत परदेशी सरदार आणि भाडोत्री शिपाई यांचीहि नांवें आहेत. राग परक्या पगारी माणसांवर होता, शस्त्रावर नव्हता.

इंग्रजांच्या मनांत आडधनुष्याविषयीं जो तुच्छभाव रुजला त्याचें मूळ बहुधा क्रेसीच्या रणांगणांत सांपडेल. २६ ऑगस्ट १३४६ रोजीं फ्रेंच राजाच्या पदरचे जिनोआचे आडधनुष्यवाले इंग्रज धनुर्धरांपुढें उभे राहिले आणि मोडले. आडधनुष्य पुन्हां ओढण्यास लागणाऱ्या वेळांत इंग्रज कित्येक बाण सोडूं शके, हें त्याचें एक कारण. परंतु त्या बिचाऱ्यांच्या मोठ्या ढाली सामानाच्या गाड्यांबरोबर मागें राहिल्या होत्या, आणि माघार घेतांना त्यांच्याच बाजूच्या फ्रेंच घोडेस्वारांनीं त्यांना तुडविलें, हें सांगतांना विजेत्यांचे वंशज आवाज जरा खालीं आणतात.

इंग्रजांच्या लांब धनुष्याची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. १५४५ सालीं पोर्ट्समथजवळ बुडालेलें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज १९८२ सालीं समुद्रांतून वर काढण्यांत आलें. त्यांतून १५० हून अधिक धनुष्यें आणि ३,००० हून अधिक बाण मिळाले. तीं धनुष्यें ओढण्यास लागणारा जोर बहुतेक १०० पौंडांच्या पुढचा असावा असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. आजच्या ऑलिंपिकमधील पुरुष खेळाडूचें धनुष्य सामान्यतः ५० पौंडांच्या आसपास असतें. जहाजावरील कित्येक सांगाड्यांत खांद्याच्या टोंकाचें हाड मुख्य हाडाशीं सांधलेलेंच नव्हतें. वाढत्या वयापासून जड धनुष्य ओढण्याचा हा परिणाम असावा, असें अभ्यासक मानतात. ज्या विद्येपायीं हाडाची घडण बदलते, तिचा अभिमान कोणीं कां बाळगूं नये? आपल्याकडेहि जनकाच्या सभेंत परीक्षा झाली ती धनुष्य उचलण्याची, आणि अवघड कार्यास आपण अजून 'शिवधनुष्य पेलणें' असेंच म्हणतों. नेमापेक्षां पेलणें आधीं, ही भावना फार जुनी आहे.

अभिमान एक आणि बहिष्कार दुसरा. १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्ड राजानें सणासुदीच्या दिवशीं धडधाकट पुरुषांनीं इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा असें फर्मान काढलें. त्यांत धनुष्यबाणाबरोबर गोळ्यांचा आणि आडधनुष्याच्या आंखूड बाणांचाहि स्पष्ट उल्लेख आहे. आठव्या हेन्रीचें वर्तन तर याहून बोलकें आहे. त्याच्या कारकीर्दींत आडधनुष्य व हातबंदूक यांच्याविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. १५४१ च्या कायद्यानें, ज्याचें वार्षिक उत्पन्न १०० पौंडांचें नाहीं अशा सामान्य माणसास तीं बाळगण्याची मनाई केली. म्हणजे शस्त्र वाईट नव्हतें. तें गरिबाच्या हातीं वाईट होतें! आणि याच राजानें चारच वर्षें आधीं, १५३७ सालीं, लंडनच्या एका मंडळास सनद दिली, तींत लांब धनुष्य, आडधनुष्य आणि हातबंदूक या तिन्ही विद्या एकाच छत्राखालीं नांदतात. ऑनरेबल आर्टिलरी कंपनी या नांवानें तें मंडळ आजहि चालूं आहे.

खरी मौज पाहावयाची तर समुद्र ओलांडून फ्लँडर्समध्यें जावें. गेंट, ब्रूज अशा श्रीमंत शहरांतून आडधनुष्यवाल्यांचे संघ संत जॉर्जच्या नांवानें आणि धनुर्धरांचे संघ बहुधा संत सेबॅस्टियनच्या नांवानें चालत. येथें मानाची उतरंड इंग्लंडच्या अगदीं उलट! आडधनुष्यवाल्यांचे संघ अधिक जुने व अधिक प्रतिष्ठित, आणि धनुर्धर हे धाकटी पाती. शहराच्या तटावरून लढणाऱ्या व्यापाऱ्याला, कारागिराला आडधनुष्यच सोयीचें. त्यामुळें तेंच नागरिकत्वाचें भूषण झालें. उंच खांबावर लांकडी पक्षी बसवावा, जो तो पाडील तो वर्षभर संघाचा 'राजा' व्हावा, ही रीति मात्र दोघांतहि होती. आडधनुष्यवाल्यांच्या मोठ्या स्पर्धा होत. गेंट येथें १४४० व १४९८ सालीं भरलेल्या स्पर्धा विशेष गाजल्या. दूरदूरच्या शहरांचे संघ सजून, मिरवणुकीनें, वाजतगाजत येत. मेजवान्यांवर द्रव्य पाण्यासारखें खर्च होई, आणि एरवीं एकमेकांच्या उरावर बसणारीं शहरें त्या दिवसांपुरतीं पाहुणचार करीत. ब्रूजमधील संत सेबॅस्टियनच्या संघाचें मनोऱ्याचें घर अजून उभें आहे. हद्दपारीच्या काळांत, १६५६ च्या सुमारास, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स त्या संघांत सामील झाला होता. या शहरांनीं दोन विद्यांचे दोन संघ केले, दोन संत वांटून दिले, आणि गांव एकच ठेवलें. पुढें १५८० सालीं ॲम्स्टरडॅममध्यें आडधनुष्य, धनुष्य आणि बंदूक अशा तीन नागरी पथकांचें एकीकरण झालें. आडधनुष्याचा रस्ता आणि हातधनुष्याचा रस्ता अशा नांवाच्या दोन समांतर गल्ल्या त्या शहरांत आजहि आहेत.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. यंत्र म्हणून आडधनुष्य वर्ज्य, असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच अंगणांत एकदां पाहावें. चाकांच्या कंपाउंड धनुष्यास अमेरिकेंत १९६९ सालीं पेटंट मिळालें. पूर्ण ओढल्यावर त्याचा भार अगदीं थोडा उरतो, आणि त्याची दोरी बहुधा बोटांनीं न सोडतां छोट्या यांत्रिक चापानें सोडतात. त्याला जागतिक संघटनेनें केव्हांच पदरांत घेतलें असून २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें त्याची मिश्र स्पर्धा ठेवण्याचें ठरलें आहे. चाकें चालतात, चाप चालतो. मग यंत्राचा विटाळ नेमका कोठें होतो?

तरीहि एक भेद उरतो, आणि तो आम्हांस खरा वाटतो. धनुष्य कोणतेंहि असो, थोडाबहुत भार शेवटच्या क्षणापर्यंत देहावर असतो; हात थकला कीं बाण खालीं येतो. आडधनुष्यांत तो भार खिटी वाहते. म्हणून नेम सारखा लागला तरी दोघांनीं केलेली गोष्ट सारखी नव्हे, आणि दोघांचे गुण एका यादींत मांडणें हा धनुर्धरावर अन्याय आहे. १९३१ सालीं ल्वूफ येथें धनुर्धरांचा आंतरराष्ट्रीय संघ निघाला आणि १९५६ सालीं लांड्सहुट येथें आडधनुष्यवाल्यांचा निराळा संघ निघाला, यांत म्हणूनच कांहीं वावगें झालें नाहीं. याच भेदांतून धोकाहि उत्पन्न होतो. धनुर्धर वळून शेजाऱ्याशीं बोलूं लागला तर त्याचें धनुष्य आपोआप सैल पडतें. ओढून ठेवलेलें आडधनुष्य धन्याचें लक्ष नसतांहि सज्जच असतें.

तेव्हां मंडळांच्या चालकांनीं बक्षीस आणि बैठक या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या, इतकेंच आमचें म्हणणें. आडधनुष्यवाल्यांची यादी निराळी असावी, आणि निशाणहि निराळें व लहान असावें. आंखूड जड बाणांनीं गवताच्या पेंढ्या लवकर फाटतात, त्यांचा खर्च त्यांच्याकडून घ्यावा. दोरी ओढावयाची ती निशाणाकडे तोंड करून, रेषेवर उभें राहिल्यावर आणि पंचानें सांगितल्यावर. बाण वेंचण्यास माणसें पुढें गेलीं असतां एकहि आडधनुष्य ओढलेलें दिसूं नये. हें पाळण्यास जो राजी नसेल त्यास खुशाल परत पाठवावें. जो राजी असेल त्याला सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या बक्षीससमारंभापर्यंत सर्वांबरोबर बसूं द्यावें.