मिरवणुकीनंतर

टेनिस म्हटलं की आज कोटींची बक्षिसं डोळ्यांपुढे येतात. पण विम्बल्डन जिंकूनही विजेत्याला बक्षिसाचा एक पैसा मिळत नसे, असाही काळ होता. अल्थिया गिब्सन त्या काळातली.

तिचा जन्म १९२७ सालचा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात, वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय घरातला. वाढली ती न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत. तिथे मुलांच्या खेळासाठी रहदारी बंद ठेवलेल्या रस्त्यावर ती पॅडल टेनिस शिकली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला टेनिस क्लबात घातलं. मोठ्या स्पर्धा मात्र गोऱ्यांच्याच. १९५० साली माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने एका टेनिस मासिकात लेख लिहून आपल्याच गोऱ्या मंडळींना खडसावलं, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार अल्थियासाठी उघडलं.

तिथे तिने विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रॉला जेरीस आणलं. शेवटच्या सेटमध्ये ७-६ अशी आघाडी असताना वादळ आलं आणि वीज पडून स्टेडियमवरचा दगडी गरुड कोसळला. दुसऱ्या दिवशी ती हरली, पण तिचं नाव झालं.

पुढे १९५५-५६ मध्ये अमेरिकी सरकारने तिला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. त्या दिवसांत आपल्या दिल्लीत तिची अँजेला बक्स्टन या ज्यू इंग्रज खेळाडूशी गट्टी जमली. एक काळी म्हणून परकी, दुसरी ज्यू म्हणून. १९५६ साली दोघींनी मिळून विम्बल्डनची दुहेरी जिंकली. १९५७ साली अल्थियाने एकेरी जिंकली, राणी एलिझाबेथच्या हस्ते मान स्वीकारला. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. १९५८ साली पुन्हा तेच यश.

आणि घरी? हौशी खेळाडूला कमाईची मुभा नव्हती. म्हणून ती व्यावसायिक झाली. स्त्रियांसाठी व्यावसायिक स्पर्धाच नव्हत्या. मग बास्केटबॉलच्या तमाशापूर्वी तिने प्रदर्शनी सामने खेळले. १९६४ साली गोल्फमध्ये उतरली, तर काही क्लबांत कपडे बदलायलाही आत घेईनात. १९६८ साली टेनिसमध्ये पैसा खुला झाला, तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती.

१९९५ च्या सुमारास आजारी, कफल्लक अल्थियाने अँजेलाला फोन केला. औषधाला, भाड्याला पैसे नव्हते; जगणंच नको झालं होतं. अँजेलाने आधी स्वतः मदत केली, मग टेनिसप्रेमींना हाक दिली. जगभरातून पाकिटं आली.

अल्थिया २००३ साली गेली. न्यूयॉर्कच्या टेनिस केंद्रात तिचा पुतळा उभा राहिला, तो २०१९ साली. पुतळा हवाच. पण तिच्या अडचणीच्या दिवसांत धावून आली ती दिल्लीतली मैत्री. आपणही खेळाडूंच्या मिरवणुका काढतो, हार घालतो. मिरवणूक पांगल्यावर त्यांची चूल कशी पेटते, एवढं तरी विचारत जाऊ या.