ईरी सरोवर : शेतजमिनीतील फॉस्फरसचे नियंत्रण
उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागात मॉमी नदीवाटे शेतांतील फॉस्फरस येतो व त्यावर नीलहरित शैवाले माजतात. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांच्या मायक्रोसिस्टिन या यकृतास घातक विषामुळे टोलीडो शहरात नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली. २०१६ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी फॉस्फरसची आवक २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. ओढ्याकाठचे गवताचे पट्टे मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस अडवितात. पण पाण्यात विरघळलेला फॉस्फरस जमिनीखालील निचऱ्याच्या नळ्यांतून थेट ओढ्यात उतरत असल्याने अशा पट्ट्यांची मातब्बरी येथे थोडीच. त्यापेक्षा माती-परीक्षणानुसार खताची मात्रा ठरविणे, ते वर फेकण्याऐवजी जमिनीत पेरून देणे आणि गोठलेल्या रानात वा मोठ्या पावसाच्या तोंडावर शेणखत न टाकणे अधिक गुणकारी ठरते. मातीत आधीच साठलेला फॉस्फरस मात्र पुढे वर्षानुवर्षे झिरपत राहतो.