ऋषीचे कूळ, वैद्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत नम्रता आहे, तशी सावधगिरीही आहे. कूळ शोधताना जे हाती लागते ते शोधणाऱ्याला पेलेलच असे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगालहून येऊन गोव्यात स्थायिक झालेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या घराण्याचा शोध घेताना ही म्हण आम्हाला वारंवार आठवत राहिली.

त्याच्या सार्वजनिक आयुष्याची रूपरेषा सरळ आहे. जन्म १५०१च्या सुमारास, पोर्तुगालच्या सीमेवरील काश्तेलु द विद या गावी. शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथे. मार्च १५३४ मध्ये मार्तिं अफोंसु द सौझा याच्या ताफ्याबरोबर तो लिस्बनहून निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला. पुढील चौतीस वर्षे तो येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो वैद्य म्हणून जात असे. १५५४च्या सुमारास मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ छापून झाला. चारच वर्षांनी क्लुसियसने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला आणि युरोपातील विद्वानांना तो परिचित झाला. कामोंइश या कवीची छापलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावी.

या ग्रंथात ओर्ता सालामांकातील एका जुन्या सहाध्यायाशी, रुआनोशी, बोलतो. रुआनो काल्पनिक आहे. तो ग्रीकांच्या ग्रंथांचा दाखला देतो, तर ओर्ता स्वतः पाहिलेल्या गोष्टींचा. मधूनच घरातील आन्तोनिया ही गुलाम मुलगी औषधी आणून देते. आंब्यावरील संवादात तर मुंबईहून ओर्ताचे कूळ आंब्यांची करंडी घेऊन येते. भरल्या घराचा आभास निर्माण करणाऱ्या या ग्रंथात एकच गोष्ट नाही: लेखकाचे स्वतःचे कूळ. तो कोणाचा कोण, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. १८८६ मध्ये काउंट द फिकाल्योने त्याचे विस्तृत चरित्र लिहिले, तेव्हाही हे मौन भंगले नव्हते.

ते भंगले १९३४ मध्ये, ओर्ता भारतात आल्याला चारशे वर्षे झाली त्या वर्षी. आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यो या पोर्तुगीज अभ्यासकाने इन्क्विझिशनच्या दफ्तरांतून त्याच्या घराण्याचा वृत्तान्त उजेडात आणला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ च्या हद्दपारीनंतर ते पोर्तुगालात आले आणि १४९७ च्या सक्तीच्या बाप्तिस्म्याने ‘नवख्रिस्ती’ झाले. १५४७ मध्ये लिस्बनला बहिणींना अटक झाली. सुटकेनंतर, १५४९च्या सुमारास, आई आणि बहिणी ओर्ताच्या आश्रयाला गोव्यात आल्या. समुद्रापलीकडे इन्क्विझिशनचा हात पोहोचणार नाही, ही त्यांची आशा काही वर्षे खरी ठरली. १५६० मध्ये ते न्यायपीठ गोव्यात येऊन बसले.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याच वर्षी कातारिना या बहिणीला पकडण्यात आले आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये तिला गोव्यात जाळण्यात आले. भाऊ अखेरपर्यंत मोशेचा धर्मच खरा मानत होता, ही माहिती चौकशीच्या कोठडीत घरच्यांच्याच तोंडून वदवून घेतली गेली. त्या जबान्यांच्या आधारे मृत ओर्तावर खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून जाहीरपणे जाळल्या गेल्या. आम्ही वर्गात ‘ख्रिस्तपुराण’ शिकवतो. त्याचा कर्ता फादर स्टीफन्स तेव्हा गोव्यात येऊन वर्ष उलटले होते. मराठीवर प्रेम करणाऱ्या त्या कवीचा गोवा आणि या चितेचा गोवा एकच होता. वर्गात आपण त्यांपैकी एकाच गोव्याविषयी बोलतो. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहून दुसऱ्याकडे लक्ष वेधले होते.

हे कळल्यावर ग्रंथाचे वाचन बदलते. स्पेनमध्ये असतो तर गालेनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशा आशयाचे उद्गार ओर्ता एके ठिकाणी काढतो. १९३४ पूर्वीच्या वाचकाला त्यात विज्ञाननिष्ठ वैद्याचा बाणेदारपणा दिसला. आज आम्हाला त्यात जपून बोलणाऱ्या माणसाचा आवाजही ऐकू येतो. त्याने नेमके तेच अभिप्रेत ठेवले होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याला घरात एक आणि दारात एक बोलावे लागत होते, त्याने दोन आवाजांचा संवाद हा वाङ्मयप्रकार निवडावा, हा निव्वळ योगायोग मानायला मन तयार होत नाही.

मात्र खरा पेच वेगळाच आहे. इन्क्विझिशनच्या खटल्यात आरोपीला आपली वंशावळ सांगावी लागे: आईबाप कोण, आजीआजोबा कोण, कोण कोणाशी विवाहबद्ध. कारकून ते उतरवून घेई. आज आम्हाला ओर्ताच्या घराण्याचा वृक्ष काढता येतो तो या कारकुनाच्या लेखणीमुळे. ज्याने घराणे मोडले त्यानेच ते नोंदवून ठेवले. आम्ही अभ्यासक त्याच कागदांपुढे बसून तोच प्रश्न पुन्हा विचारतो: तू कोणाचा?

या प्रश्नाचा हेतू बदलू शकतो, हेही खरे. इबेरियातून परागंदा झालेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारी तरतूद पोर्तुगालने २०१५ मध्ये अमलात आणली. पुढे तिच्या अटी कडक झाल्या. आजी कोण होती, या प्रश्नाच्या उत्तरावर एकेकाळी प्राण जात. या तरतुदीमुळे तेच उत्तर घराचे दार उघडणारे ठरले.

तरीही एक मर्यादा उरतेच. दफ्तरात नाव येण्यासाठी आधी आरोपी व्हावे लागे. आन्तोनियाला कोणी वंशावळ विचारली नाही. ग्रंथात येणाऱ्या मलुपा या हिंदू वैद्याचे घराणे कोणते, किंवा मुंबई बेटावर ओर्ताला खंड भरणारे कोण, याची नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. वसाहतीत आलेल्या माणसाचे कूळ शेवटी सापडते. त्याची कुळे मात्र सापडत नाहीत. विद्यार्थ्यांनी ओर्ताचा ग्रंथ उघडावा तेव्हा औषधांच्या नावांइतकेच लक्ष दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.