कारण की परिणाम? फिलाडेल्फिया गुणसूत्राचा इतिहास

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, जनुकांतील बदलांमुळे सुरू होतो, हे आज तुम्ही पाठ्यपुस्तकात सहज वाचता. परंतु रोगट पेशीत बदल दिसणे आणि त्या बदलानेच रोग झाला हे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमध्ये तीस वर्षे गेली.

गुणसूत्रांतील बिघाडातून कर्करोग उद्भवत असावा, असे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडले होते. मात्र माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ मध्ये निश्चित झाले. तोपर्यंत ही कल्पना तपासणे अवघड होते. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. त्याला शहराचेच नाव मिळाले. पण हे रोगाचे कारण की परिणाम, हा प्रश्न उरलाच.

गुणसूत्राचा तुकडा नष्ट झाला असावा, असे तेव्हा वाटत होते. पुढे गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी रंजनपद्धती आली. तिच्या आधारे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले, की तुकडा हरवलेला नाही. तो २२व्या गुणसूत्रावरून ९व्यावर गेला आहे. १९८०च्या दशकात या अदलाबदलीचा अर्थ उलगडला. ९व्यावरील एबीएल जनुक २२व्यावरील बीसीआर जनुकाला जोडले जाते. एबीएलचे प्रथिन एरवी गरजेनुसार चालू-बंद होते. जोडजनुकाचे प्रथिन मात्र सतत चालूच राहते आणि पेशी विभागत सुटतात.

१९९० मध्ये हे जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींत घातल्यावर त्यांना तसाच रोग झाला. २००१ मध्ये या प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि बहुसंख्य रुग्णांचा आजार आटोक्यात येऊ लागला. बदल हा नुसता परिणाम असता, तर त्याला रोखून रोग हटला नसता.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा बदल आईवडिलांकडून येत नाही. तो आयुष्यात केव्हातरी अस्थिमज्जेतील एका मूलपेशीत घडतो. शिवाय प्रत्येक ल्युकेमियाची सुरुवात अशी एकाच बदलाने होत नाही. अनेक प्रकारांत एकाहून अधिक उत्परिवर्तने साचावी लागतात. म्हणून नवे उत्परिवर्तन सापडल्याचे वाचाल, तेव्हा आधी विचारा: हे कारण की परिणाम?