नर्सिंगच्या मुली सर्व्हे करून जातात, मग त्या वहीचं पुढं काय होतं?

गेल्या महिन्यात जुने अंक घालायला रद्दीच्या दुकानात गेलो होतो. काट्याशेजारी निळ्या कव्हरच्या, सोनेरी अक्षरांच्या जाड वह्यांचा ढीग पडलेला. वाटलं कुणाचे तरी पीएचडीचे प्रबंध असतील. उघडून बघितलं तर नर्सिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचे रिसर्च प्रोजेक्ट. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा एका कॉलेजचा प्रश्न नाही. बारा रुपये किलोनं चार वह्या घेतल्या आणि घरी आणून वाचल्या.

मंडळी, तुमच्या दारात या मुली येऊन गेल्या असतील. पांढरा ॲप्रन, हातात पॅड, दोघी-तिघी मिळून. "काकू, घरात माणसं किती? पाणी कुठलं पिता? बाळाला डोस दिला का?" आपण उत्तरं देतो, एखादी काकू चहा पण पाजते. मुली जातात. पुढं काय?

मी पत्रकार माणूस, त्यामुळं आधी मागं काय झालं ते शोधायला लागलो. आणि ही दारोदार जाऊन विचारायची गोष्ट आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी निघाली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. पण या बाईचं खरं हत्यार आकडे होतं. 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं, तिथली ती पहिली बाई. पुढच्याच वर्षी भारतातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं गेलं. बाई स्वतः आजारी, अंथरुणावर. तिनं काय करावं? प्रश्नांचे छापील फॉर्म तयार करून इथल्या लष्करी ठाण्यांना पाठवले. पाणी कुठून येतं, गटारं आहेत का, एका बराकीत माणसं किती, संडास कुठे. 1863 मध्ये अहवाल आला, दोन खंड, दोनेक हजार पानं. फौजेत हजारी 69 शिपाई मरत होते आणि त्यातले बहुतेक लढाईत नाही, तर ताप, हगवण, कॉलरा यांनी. दहाएक वर्षांनी तिनंच लिहिलं की तो आकडा 18 वर आला. नंतर तिचं लक्ष छावणीबाहेरच्या खेड्यांकडं वळलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार झाला. भारतात ती एकदाही आली नाही, हे विशेष.

म्हणजे आज आपल्या दारात येणाऱ्या पोरीच्या हातातल्या फॉर्मचा पणजोबा तो आहे.

पण नुसत्या फॉर्मनं भागत नाही, दार कोण वाजवतं याला महत्त्व असतं. 1897 चं पुणं आठवा. प्लेग आलेला. रँडच्या हाताखालचे गोरे सोजिर घराघरात शिरत होते, आजारी माणूस शोधायला. तोही एक प्रकारचा घरोघरचा सर्व्हेच म्हणायचा. कारण आरोग्याचंच होतं, पण देवघरापर्यंत बूट गेले, बायामाणसांची विटंबना झाली आणि लोक आजारी माणसं लपवायला लागले. पुढं चापेकर बंधूंनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच साली, त्याच साथीत, हडपसरच्या माळावर डॉ. यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून आणलं. 10 मार्च 1897 ला त्याच रोगानं त्या गेल्या. नर्सिंगचं सर्टिफिकेट त्यांच्याकडं नव्हतं. आपल्याकडच्या नर्सिंगचा इतिहास लिहिताना मात्र मी सुरुवात तिथूनच करीन.

पुढं 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषाला हात लावायचा, रक्त-घाण काढायची, जातपात बघायची नाही! त्या काळात विधवा मुलीला हे करायला घराबाहेर काढणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आज नर्सिंगला ॲडमिशन मिळवण्यासाठी आपण वशिला शोधतो.

मधली वर्षं सोडतो. 1946 मध्ये भोर समितीचा अहवाल आला. देशात तेव्हा 43,000 माणसांमागं एक नर्स होती. जन्मलेल्या हजार बाळांतली दीडशेहून जास्त वर्षाच्या आत जात होती. समितीनं सांगितलं, आरोग्यसेवा दवाखान्यात बसून होणार नाही, वस्तीत जायला पाहिजे, त्यासाठी पब्लिक हेल्थ नर्स घडवा. 1947 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. आजच्या मुलींची कम्युनिटी पोस्टिंग, घराचं फॅमिली फोल्डर, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सगळं या विचारातून आलेलं आहे.

आता आपल्या जवळचं उदाहरण. जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथं आले. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेसना खेड्यात ठेवून बघितलं. जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी तरुण मुलगी, गाव तिला आपलं मानेना, तिलाही सुरक्षित वाटेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. नर्सेस आणि डॉक्टर त्यांना शिकवायला लागले. या बायांनी मुलांची वजनं घेतली, गरोदर बायका मोजल्या, कुठलं पोर खंगलंय ते ध्यानात ठेवलं आणि त्याच गावात बसून त्यावर बोलल्या. सुरुवातीला तिथला बालमृत्युदर हजारी 176 होता, दोन-अडीच दशकांत तो तिशीच्या खाली आला. मोजणारी गावातच राहात होती, म्हणून मोजलेलं गावातच राहिलं. मला तरी यातलं मर्म हेच वाटतं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर गाजलं. पण निष्कर्ष घेऊन ते लोक त्या गावांतही परत गेले, बायकांपुढं मांडले. तिथूनच पुढच्या कामाला वाट मिळाली. नंतर नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचा प्रयोग झाला. 39 गावांत, गावातल्याच बायांना शिकवून. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेते, ताप बघते, ते यातूनच आलेलं आहे.

2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला तेव्हा मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. सरकारी वहीत जेवढी बालकं मेलेली दिसत होती, त्यापेक्षा गावात मोजल्यावर कितीतरी जास्त निघाली. बातमीदारी म्हणजे काय हे मला वर्गापेक्षा त्या अहवालानं जास्त शिकवलं. मोजलंच नाही तर मेलेलं पोर कागदावर कधी जन्मलेलंच नसतं.

आता परत माझ्या चार वह्यांकडं.

चारही वह्यांचं शीर्षक जवळपास एकच. 'ए स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम ऑन नॉलेज रिगार्डिंग', पुढं कुठं ॲनिमिया, कुठं स्तनपान, 'इन सिलेक्टेड व्हिलेज'. सॅम्पल साठ. आधी प्रश्नपत्रिका, मग चार्ट दाखवून माहिती, आठवड्यानं परत तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढले. वाढणारच की! आठ दिवसांपूर्वी उत्तरं सांगितली होती ना. रक्त किती वाढलं, ते मात्र कुणी मोजलेलं नाही. आणि आपल्या राज्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत 48 होतं. म्हणजे आपण मागं चाललोय.

पोरींना दोष देत नाही. परवानगी, गाइडची सही, बाइंडिंग, सबमिशनची तारीख, हॉस्पिटलच्या ड्युट्या, सगळं त्याच चार महिन्यांत. आणि एका वहीत मागच्या पानांवर एका पोरीनं पेन्सिलीनं टिपून ठेवलंय, मूळ प्रबंधात न आलेलं: गोळ्यांनी मळमळतं म्हणून बायका गोळ्या डब्यात टाकतात. जेवल्या जेवल्या चहा. मिश्री जवळजवळ घरोघर. प्रश्नपत्रिकेत मिश्रीचा प्रश्नच नव्हता. माझ्या मते त्या वहीतलं खरं संशोधन ते पेन्सिलीचं पान आहे, आणि गाइडनं त्यालाच मार्क दिले नाहीत.

त्या वहीला सरपंचांचं परवानगीपत्र जोडलेलं होतं, म्हणून गाव कळलं. आमच्यापासून अकरा किलोमीटर. बायकांची नावं वहीत नाहीत, नुसते नंबर आहेत, त्यामुळं वही न्यायला हरकत वाटली नाही. आशाताईंना अंगणवाडीत भेटलो. त्यांना त्या मुली चांगल्या आठवत होत्या.

"दोनदा आल्या हो दादा. दुसऱ्यांदा पेपर लिहून घेतला आणि गेल्या. निकाल काय सांगितलाच नाही. आमच्या बायकांना वाटलं, आपण नापास झालो."

मी वही उघडून मार्क वाढल्याचा तक्ता दाखवला. मग पेन्सिलीचं पान वाचून दाखवलं. तोवर चार-पाच जणी जमल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, मिश्रीचं कुणी सांगितलं हिला? सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर कमी मळमळतं का? आशाताई म्हणाल्या, हो, करून बघा, पण वर चहा नको, लिंबू पिळून पाणी प्या. अर्धा तास तेच चाललं होतं.

वही मी तिथंच ठेवून आलो. आशाताईंनी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचं सरपंच कबूल झालेत, रक्त तपासणीसाठी उपकेंद्राच्या सिस्टरांनाही बोलावलंय. उरलेल्या तीन वह्यांपैकी दोन गावांचा पत्ता लागलाय, तिसरीत परवानगीपत्राचं पान फाटलंय. स्तनपानाचा विषय आहे, गावात बारव आणि शाळेसमोर चिंच असल्याचा उल्लेख आहे. कुणाला गाव ओळखू येत असेल तर कमेंटमध्ये सांगा.